जमाखर्च एका अर्धवेळ पदवीचा

‘अर्धवट’ आणि ‘अर्धवेळ’ हे दोन शब्द शब्दकोशात एकाच मजल्यावर राहतात. शेजार म्हटला की एकाची बदनामी दुसऱ्याला चिकटायचीच. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तर या दोन शब्दांत कोणी फरकच करीत नाही. सौ.ने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका मुक्त विद्यापीठात शिक्षणशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातले. (विद्यापीठाचे नाव सांगत नाही, तिचे दोन पेपर अजून तपासून यायचे आहेत.) ही बातमी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली त्या संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठले.

“वहिनींना काय कमी आहे हो? बी.एड. आहेत, पक्की नोकरी आहे. आता हे अर्धवेळ काय काढलंय?”

त्यांच्या तोंडात शब्द ‘अर्धवेळ’ होता. चेहऱ्यावर ‘अर्धवट’ होता.

मी हसलो. हे छापून कबूल करायला हरकत नाही, कारण सौ. माझे लेख वाचत नाही. तिला वेळ नाही. खरे सांगायचे तर मनातून मलाही तसेच वाटत होते. वीस वर्षे मुलांना मराठी शिकवणाऱ्या बाईने आता शिकवायचे कसे ते शिकायचे, म्हणजे वीस वर्षे आमटी करणाऱ्या बाईने पाककलेच्या वर्गात पाणी उकळायला शिकण्यातला प्रकार! पण मी पडलो कॉमर्सचा माणूस. घाटकोपरच्या एका शाखेत एकवीस वर्षे कारकुनी केलेली. कोणतीही गोष्ट नावे-जमा केल्याशिवाय मला समजत नाही. प्रेमसुद्धा मला लग्नानंतर, पासबुक संयुक्त झाल्यावर समजले. तेव्हा एका रात्री कागद घेतला आणि सौ.च्या दिवसाचा ताळेबंद मांडायला बसलो.

शाळा, सकाळचे अधिवेशन, सहा तास. जाणे-येणे एक तास. स्वयंपाक, भांडी, कपडे वगैरे चार तास. वह्या तपासणे आणि पाठाचे टाचण काढणे दोन तास. शाळेची नाना प्रकारची माहिती संगणकावर भरणे एक तास. माझ्या आईची औषधे आणि मुलीची बारावी मिळून दोन तास. तिची स्वतःची आंघोळ, जेवण, चहा इत्यादी चैन दोन तास. एम.ए.चा अभ्यास तीन तास. झोप सहा तास.

बेरीज सत्तावीस आली.

मी पुन्हा केली. बँकेत माझी बेरीज चुकत नाही. चुकते ती वजाबाकी, आणि तीही फक्त पगाराच्या दिवशी. तरी सत्तावीसच.

“अगं, तुझा ताळा जमत नाही,” मी म्हणालो. “तीन तास जास्त येतायत.”

“तुमच्या बँकेत ताळा जमला नाही तर काय करता हो?” तिने पुस्तकातून मान वर न करता विचारले.

“फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतो. मग सावकाश शोधतो.”

“मग टाका,” ती म्हणाली आणि स्वाध्यायाचे पान उलटले.

टाकले. हा लेख त्या तीन तासांच्या शोधाचा आहे. पण शोधता शोधता इतर खात्यांतही जे सापडले, ते पाहून माझे डोके फिरले. म्हणून ही कैफियत.

पहिला आक्षेप सेक्रेटरींचा : “शिक्षकांना वेळच वेळ! अर्धा दिवस शाळा, वर मे महिन्याची सुट्टी.” हे वाक्य म्हणणारा माणूस बँकेतही दोन वाजता येऊन “तुमचं काय बुवा, संध्याकाळी शटर पडलं की सुटलात” म्हणतो. शटरच्या आत काय चालते ते त्याला दिसत नाही. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. त्याचे कलम २७ सांगते की शिक्षकाला शिक्षणाखेरीज दुसऱ्या कामाला लावू नये. वाचून ऊर भरून येतो. पण कलम तिथेच संपत नाही. अपवाद तीन : दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. आता आपल्या देशात यांतल्या कशाचा तुटवडा पडलाय? २०२१ ची जनगणना लांबली, तेवढीच काय ती सवड मिळाली. निवडणुकांनी मात्र शिक्षकांना कधी दगा दिलेला नाही. मतदानाच्या पेट्या आणि पुस्तकांची पिशवी यांतले काय आधी उचलायचे, हा प्रश्न कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात सोडवलेला नाही.

त्यात भर म्हणजे शिकण्याचा तगादा. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : शिक्षणहक्क कायद्याच्या आधी नोकरीला लागलेल्या, पण निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हावे. न्यायालयाशी वाद घालण्याइतका मी शूर नाही. मी ग्राहकाशीही घालत नाही. पण सौ.च्या स्टाफरूममध्ये पन्नाशीच्या बाई डबा उघडण्याआधी गाईड उघडतात. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेपरांवर लाल पेन चालवले, त्यांचे हात आता बालमानसशास्त्राचे चार पर्याय बघून घामेजतात. शिका म्हणणारे पुष्कळ आहेत. केव्हा शिकायचे, हे सांगणारा एक नाही.

आता आमच्या बँकेचे पाहा. बँकर लोकांची परीक्षा घेणारी संस्था १९२८ सालची. हल्ली तिचे कार्यालय कुर्ल्याला आहे. तिच्या दोन परीक्षा, जेएआयआयबी आणि सीएआयआयबी. पहिली मी चौथ्या प्रयत्नात पास झालो आणि मला एक वेतनवाढ मिळाली. त्या परीक्षेमुळे माझ्या नोटा मोजण्याचा वेग वाढला, असा पुरावा उपलब्ध नाही. ग्राहकांशी वागणे सुधारले, असे ग्राहकांचे मत नाही. पण वाढ मिळाली, दर महिन्याला मिळते, आणि दिवाळीत तिच्यावर आणखी चार पैसे चढतात. मालक म्हणाला, “तू शिकलास, हे घे.” सरळ व्यवहार. सौ.ची शाळा विनाअनुदानित. तिथे तिने एम.ए.ला नाव घातल्याचे कळवले तेव्हा तिला एक गुलाबाचे फूल मिळाले, आणि “तुम्ही आता शिक्षणशास्त्र शिकताच आहात” म्हणून शाळेच्या सूचनाफलकाचे काम मिळाले. फूल दुसऱ्या दिवशी सुकले. फलक अजून टवटवीत आहे.

तिचे अभ्यास केंद्र अंधेरीला, संपर्क सत्र रविवारी. आता मुलुंडहून अंधेरी म्हणजे मुंबईचा पूर्व-पश्चिम विवाह. जमतो, पण नातेवाईक आडवे येतात. २०१४ च्या जूनमध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू झाली हे खरे. पण घाटकोपरपर्यंत मध्य रेल्वेच न्यायची, आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक नेमका रविवारी. म्हणजे ज्या दिवशी शिक्षकाला शिकायला सवड, त्याच दिवशी रुळांना दुरुस्त व्हायला सवड. सौ.ने जीन पियाजे मुलुंड आणि विक्रोळीच्या मध्ये, उभ्याने संपवला. जॉन ड्यूई थांबलेल्या गाडीत झाला. परीक्षेत कोणी विचारले की ड्यूईची शिक्षणविषयक भूमिका कोठे मांडली आहे, तर ती चुकून ‘भांडुप’ लिहील अशी मला धास्ती होती.

दुसरा आक्षेप विद्वानांचा, आणि तो जरा वजनदार आहे. ते म्हणतात, असल्या पदव्या लेच्यापेच्या. तयार स्वाध्याय बाजारात मिळतात, लोक उतरवून काढतात. हे खोटे नाही. आमच्या स्टेशनबाहेरच्या दुकानात टाचणवहीशेजारी लिहून तयार टाचणेही मिळतात. पण खोट्या नोटा निघतात म्हणून कोणी नोटा बंद करते का? (एकदा केल्या होत्या, २०१६ साली. मी काउंटरच्या आत होतो, रांग बाहेर होती. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी, डॉक्टरांची परवानगी घेऊन.) खोटी नोट ओळखायची आणि बाजूला काढायची, हा उपाय. स्वाध्याय तपासणारा माणूस जागा असला की पुरे.

शिवाय पूर्णवेळवाल्यांनी आपला ताळेबंद तरी दाखवावा. २०१४ च्या नियमावलीने एम.एड. दोन वर्षांचे केले. वर्षाला कामाचे २०० दिवस, आठवड्याला ३६ तास, लेखी विषयांना ८० टक्के हजेरी. बी.एड.साठी त्याच नियमावलीत तीन वर्षांचा अर्धवेळ मार्ग होता, एम.एड.ला मात्र तसा दरवाजा ठेवलेला नव्हता. म्हणजे शिकवणाऱ्या बाईला एम.एड. करायचे तर तिने दोन वर्षे शिकवणे सोडावे. प्रवेशाला बी.एड. आणि ५० टक्के गुण लागतात. वर्गात किती वर्षे खडू झिजवला, हे कोणी विचारत नाही.

परिणाम काय होतो, तो माझ्या घरात गणपतीला जेवायला येतो. माझी भाची, बोरिवलीची. हुशार पोर. एम.एस्सी., बी.एड., एम.एड. असे सगळे सलग, मध्ये चहालासुद्धा उतरली नाही. आता ती एका अध्यापक महाविद्यालयात उद्याच्या शिक्षकांना वर्गनियंत्रण शिकवते. तिचा स्वतःचा वर्गाशी संबंध बी.एड.च्या वीस आठवड्यांच्या आंतरवासितेपुरता. आणि जिने वीस वर्षे वर्ग काबूत ठेवला, ती माझी बायको शिकणारी! आमच्या बँकेत असे करून पाहा. ज्याने कधी रोकड हाताळली नाही त्याला हेड कॅशियर करा आणि कॅशियरला सांगा, तू रविवारी ये, तुला नोट कशी धरायची ते दाखवतो.

त्या दिवशी उकडीचे मोदक वाढता वाढता सौ.ने भाचीला विचारले, “तू मुलांना सांगतेस ना, मागच्या बाकावरच्याकडे लक्ष द्या म्हणून? पटावर अठ्ठावन्न असतील तर कसं देतेस?”

भाची बराच वेळ मोदकाच्या कळ्या मोजत राहिली. मग म्हणाली, “मामी, खरं सांगू? मी एका वर्गाला जूनपासून एप्रिलपर्यंत कधी शिकवलेलंच नाही. मला तुमच्या वर्गात येऊन बसता येईल का?”

त्या पोरीबद्दल माझा आदर तिथे दुप्पट झाला. दोष तिचा नाही. तिला ज्या गाडीत बसवले ती फास्ट होती. वर्ग नावाच्या स्टेशनवर ती थांबतच नव्हती.

आता अर्धवेळ शिक्षणाची खरी कमाई सांगतो, आणि इथे विनोद थोडा बाजूला ठेवतो. सौ.च्या सातवीत एक मुलगा होता. मराठी माध्यम, मराठी घर, आणि मराठीचे पान वाचताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळायचा. मग वर्ग हसायचा, मग तो कोणाला तरी चिमटा काढायचा आणि मग बाहेर उभा राहायचा. असे वर्षानुवर्षे चाललेले. अंधेरीच्या एका रविवारी वायगॉट्स्की शिकवला. हा रशियन गृहस्थ १९३४ साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला. त्याचे म्हणणे असे की मूल एकट्याने जे करू शकते आणि कोणी हात दिल्यावर जे करू शकते, त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात खरे शिकणे घडते. पूर्णवेळ विद्यार्थ्याने हे वहीत उतरवून घेतले असते आणि खाली रेघ मारली असती. सौ.ला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो मुलगा समोर दिसला.

तिने त्याच्या शेजारी त्याच्यापेक्षा थोडेसेच बरे वाचणारी मुलगी बसवली. सगळ्यात हुशार नव्हे. थोडेसेच बरे वाचणारी. दोघांनी रोज दहा मिनिटे एकमेकांना वाचून दाखवायचे, बाईंना नाही. तेच तिचे कृतिसंशोधन. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याने वर्गासमोर एक अख्खा उतारा वाचला. सावकाश, बोट ठेवून, पण न थांबता. कोणी हसले नाही.

त्या रात्री सौ. खूश असेल म्हणून मी आइस्क्रीम आणले. ती जेवणाच्या टेबलाशी नुसती बसून होती. “अहो,” ती म्हणाली, “वीस वर्षांत अशी किती मुलं मी दाराबाहेर उभी केली असतील?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. आइस्क्रीम वितळले. तेव्हा मला उमगले की वीस वर्षे आमटी करणाऱ्या बाईचा माझा दाखला किती फुसका होता. अर्धवेळ विद्यार्थ्याला सोमवार असतो. रविवारी शिकलेले सोमवारी खरे ठरते किंवा तोंडावर आपटते. असा सोमवार ज्या पदवीला नाही, ती मग पूर्णवेळ असो की सुवर्णपदकासह, तिला अर्धी म्हणायला माझी हरकत नाही.

आणि हे काही आमच्या घराने लावलेले शोध नव्हेत. अनुताई वाघ हुजूरपागेत शिकवत असताना स्वतः रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. पदवीधर झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर, डोळे अधू झालेले असताना. दिवसा शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शिकायचे, असेच चालले होते. त्याच बाईंनी ताराबाई मोडकांबरोबर आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांच्या शाळा उभ्या केल्या. आपल्या बोरिवलीच्या पुढे जाणारी डहाणूची गाडी त्याच बाजूला जाते. सेक्रेटरींनी एखाद्या रविवारी मेगाब्लॉक नसताना जाऊन यावे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात एम.एड. एक वर्षाचे पूर्णवेळ, आणि नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी दोन वर्षांचे अर्धवेळ, अशी सूचना होती. कल्पना सोन्यासारखी. पण सरकारी सोने आम्ही तारण ठेवून घेताना आधी घासून पाहतो. म्हणून कारकुनाच्या तीन मागण्या नोंदवतो. एक, हे वर्ग संध्याकाळी भरोत, आणि भांडुप-कांदिवलीच्या माणसाला चालत जाता येईल अशा जागी. विद्यापीठाच्या भव्य कमानीशी आम्हांला काही घेणे नाही. स्टेशनजवळची शाळा संध्याकाळी रिकामी असते. दोन, शिकणाऱ्या शिक्षकाला परीक्षेच्या आधी पगारी रजा मिळो, आणि त्या वर्षात त्याच्या गळ्यात सूचनाफलक न पडो. तीन, पास झाल्यावर वेतनवाढ मिळो, फूल नको. माझ्या चौथ्या प्रयत्नाची किंमत होते, तर त्या मुलाने वाचलेल्या उताऱ्याची का होऊ नये?

राहता राहिले ते तीन तास.

ते मला मार्चमध्ये सापडले. रात्री दीडला पाणी प्यायला उठलो, तर सौ. जेवणाच्या टेबलावर, वायगॉट्स्कीवर गाल टेकून झोपलेली. उघडे पेन हातात. मी घड्याळात पाहिले. साडेचारचा गजर तिच्या फोनवर लागलेला होता. ताळेबंदात ‘झोप सहा तास’ ही रक्कम मी लिहिली होती. तिला विचारून नव्हे, माझ्या झोपेवरून. खरी रक्कम तीन. चोवीसला चोवीस, पैचाही फरक नाही. आणि तिच्या नावावर लिहिलेले ते स्वयंपाक-भांड्यांचे चार तास, त्यांपुढे माझे नाव कधीच का आले नव्हते, असा शेरा कोणत्याही ऑडिटरने पहिल्याच दिवशी मारला असता.

तेव्हापासून सकाळचा स्वयंपाक आणि आईची औषधे माझ्याकडे आहेत. पोह्यांचा चिकट गोळा होतो. आईने पहिल्या दिवशी खाऊन “बरा आहे हो उपमा” म्हटले. पण भात जमतो, कारण भाताला शिट्ट्या मोजायच्या असतात, आणि मोजणे हा माझा व्यवसाय आहे.

परवा सेक्रेटरी सकाळीच देखभालीची पावती द्यायला आले. मी दार उघडले. खांद्यावर फडके, हातात डाव.

“वहिनी नाहीत का?”

“शाळेत गेल्या. आज संध्याकाळी लायब्ररीत बसणार आहेत. सध्या मी इथे अर्धवेळ आहे.”

ते काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तो शेजारचा शब्द मला स्वच्छ वाचता आला. मी त्यांना बसा म्हणणार होतो, तेवढ्यात आत तिसरी शिट्टी झाली.